पोटातील महाधमनीचा फुगवटा व ठरवून केलेली शस्त्रक्रिया

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात पौड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

सन्माननीय अध्यक्षमहाराज, कार्यकारी मंडळाचे सभासद, मुठा व कोळवण खोऱ्यांतून, धरणाकाठच्या गावांतून आणि पुणे शहरातून अगत्यपूर्वक आलेल्या शिंपी ज्ञातिबंधूंनो व भगिनींनो,

आम्ही डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. मॅट्रिक झालो आणि प्राथमिक शाळेत मुले शिकविण्यात उमर गेली. तथापि आरोग्याच्या विषयावर बोलण्याची चिटणीसांनी आज्ञा केली, तेव्हा आम्ही मुद्दाम हा काहीसा अपरिचित विषय निवडला. याची दोन कारणे आहेत. एक, आपल्या मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीपुढे या रोगाची दोन प्रकरणे आली, आणि त्यांचा जो निकाल लागला त्याविषयी आम्हांस सभेपुढे काही मांडावयाचे आहे. ते ओघाने येईल. दुसरे कारण असे की ही शस्त्रक्रिया म्हणजे कापड, दोरा आणि टाका यांचे काम आहे. ते समजावून घेण्यास आपल्याइतका अधिकारी श्रोता दुसऱ्या कोणत्या ज्ञातीत मिळणार?

हृदयापासून निघालेली मुख्य रक्तवाहिनी, जिला महाधमनी म्हणतात, ती छातीतून खाली उतरून पाठीच्या कण्याला लगटून पोटात येते आणि बेंबीच्या सुमारास दोन्ही पायांकडे दुभंगते. पोटात तिची रुंदी साधारण दोन सेंटिमीटर असते. वयपरत्वे काही माणसांत तिच्या भिंतीतील लवचिक तंतू झिजतात आणि ती भिंत, वापरून वापरून पायजमा गुडघ्यावर फुगावा तशी फुगू लागते. रुंदी तीन सेंटिमीटर झाली की त्यास फुगवटा म्हणावयाचे. झिजलेल्या टायरमधून ट्यूबचा फुगा बाहेर डोकावतो हे सायकलवरून शाळेत जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. तो जितका मोठा तितका त्याच्यावर ताण अधिक, आणि ताण अधिक म्हणून तो आणखी वाढतो. येथेही तोच न्याय आहे. हा रोग पुरुषांत अधिक, साठीनंतर अधिक, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत फारच अधिक. रक्तदाब हे त्याचे एक कारण. रक्ताचे नाते हे दुसरे. युरोपातील लोकांच्या मानाने आपल्या लोकांत तो कमी आढळतो, ही समाधानाची गोष्ट. परंतु ज्याच्या पोटात तो आहे त्याला या समाधानाचा उपयोग नाही.

आपल्या प्रांतात महाधमनीच्या रोगांचा अभ्यास नवा नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण केले, हे पुष्कळांस ठाऊक असते. पण त्यांनी व त्यांचे सहकारी डॉ. किणरे, डॉ. केळकर आणि डॉ. परुळकर यांनी महाधमनीच्या दाहाच्या १०१ रोग्यांचा अभ्यास करून १९७३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, हे फारसे कोणी सांगत नाही. तो दाह तरुण वयात, विशेषतः स्त्रियांत होतो. आपला आजचा विषय तो नव्हे. वृद्धांच्या झिजेचा आहे.

हा फुगवटा बहुधा मुका असतो. दुखत नाही, खुपत नाही. मूतखडा वा प्रोस्टेट यांसाठी सोनोग्राफी करावी आणि भलतेच काही निघावे, असाच तो सापडतो. आणि सापडला नाही तर एके दिवशी फुटतो. पाठीत किंवा पोटात एकाएकी असह्य कळ, घाम, घेरी. घरचे म्हणतात वायू झाला, खडा झाला. फुटल्यानंतर घरी, वाटेत आणि रुग्णालयात मिळून शंभरांतील सुमारे ऐंशी माणसे दगावतात. शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जी पोहोचतात त्यांतीलही तिसरा हिस्सा, कधी त्याहून अधिक, वाचत नाहीत. ही गणती बहुतांशी पाश्चात्त्य देशांतील आहे, जेथे रस्ते बरे आहेत. आपण ताम्हिणीकडील एखादी वाडी डोळ्यांपुढे आणावी, आषाढातील रात्र आणावी. १०८ क्रमांकाची गाडी येणार, पौडास थांबणार, पिरंगुटचा घाट उतरून चांदणी चौकातून शहरात शिरणार, आणि तेथे शल्यविशारद, भूल देणारा आणि पुरेसे रक्त ही तिन्ही एका वेळी एका छताखाली सापडावयास हवीत. हिशेब ज्याचा त्याने करावा.

म्हणून फुटण्यापूर्वी, दिवस ठरवून, दिवसाउजेडी शस्त्रक्रिया करावयाची. उजेडावरून आठवले. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री येरवड्याच्या तुरुंगातून ससून रुग्णालयात आणलेल्या महात्माजींच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया कर्नल मॅडॉक यांनी केली, तेव्हा मध्येच वीज गेली आणि कंदिलाच्या प्रकाशात काम पुरे करावे लागले. ती तातडीची वेळ होती, निवड नव्हती. तरीही शस्त्रक्रियेपूर्वी श्रीनिवास शास्त्री यांच्याकडून संमतीचा मजकूर लिहवून घेऊन महात्माजींनी तो वाचून त्यावर सही केली. आज रुग्णालयात नातेवाईक कागद उलटेपालटे न करता जेथे बोट दाखविले जाईल तेथे सही करतात. तातडी नसतानाही करतात!

आता शिवणकामाकडे वळू. १९०२ साली फ्रान्समधील लियाँ शहराच्या अलेक्सी कॅरेल या तरुण डॉक्टराने तुटलेल्या रक्तवाहिन्या सुईदोऱ्याने कशा जोडाव्यात हे दाखवून दिले. ते कौशल्य तो कोठे शिकला? मादाम लेरुदिए नावाच्या, भरतकाम करणाऱ्या बाईजवळ. बारीक सुई आणि रेशमी दोरा कसा चालवावा याचे धडे त्याने तिच्यापाशी घेतले, आणि १९१२ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे २९ मार्च १९५१ रोजी पॅरिसमध्ये शार्ल द्युबोस्त याने पोटातील फुगवट्याचा भाग काढून मृत माणसाच्या धमनीचा तुकडा तेथे जोडला. परंतु मृताची धमनी हवी तेव्हा कोठून मिळणार? अमेरिकेतील ह्यूस्टन येथील डॉ. मायकेल डिबेकी यास लहानपणी आईने शिवण शिकविली होती. तो कापडाच्या दुकानात नायलॉन आणावयास गेला, ते संपले होते, म्हणून दुकानदाराने दिले ते डेक्रॉन घेऊन घरी आला आणि पत्नीच्या शिलाई यंत्रावर त्याने त्याच्या नळ्या शिवल्या. डेक्रॉन म्हणजेच आपल्या वडीलधाऱ्यांनी ज्याच्या पँटी व शर्ट रात्र रात्र जागून शिवले ते टेरिलिन. नावे दोन, धागा एकच. आजही महाधमनीच्या जागी बसवावयाची नळी बहुधा त्याच धाग्याची असते.

ही वाट रुंद होण्यापूर्वी ज्यांस हा रोग झाला त्यांत अल्बर्ट आइन्स्टाइन हे एक होते. १९४८ साली डॉ. निसेन यांनी त्यांचे पोट उघडले, फुगवटा पाहिला आणि त्याभोवती सेलोफेनचा कागद गुंडाळला. त्या काळी याहून अधिक काही करता येण्याजोगे नव्हते. त्या वेष्टनावर ते सहा वर्षांहून अधिक काळ जगले. एप्रिल १९५५ मध्ये फुगवटा फुटला, तेव्हा नवी शस्त्रक्रिया निघाली होती. पण शहात्तर वर्षांच्या त्या पुरुषाने ती नाकारली आणि १८ एप्रिलला देह ठेवला. नाकारण्याचा हक्क रोग्याचा असतो, हे येथे सांगून ठेवतो.

जुन्या पद्धतीत पोट मध्यभागी उघडतात, फुगवट्याच्या वर व खाली धमनीस चिमटे लावतात, पिशवी उभी चिरतात, आतील साकळलेले रक्त काढतात, नवी नळी वर एका व खाली एका किंवा दोन ठिकाणी अखंड दोऱ्याने शिवतात, आणि जुन्या पिशवीचे कातडे वरून पांघरून तेही शिवून टाकतात. काम दोन-चार तासांचे. या वेळी पायांकडे जाणारे रक्त थांबलेले असते व हृदयावर भार पडतो. चिमटा सोडताच रक्तदाब एकदम उतरतो. म्हणून पहिला धोका हृदयाचा. दुसरा मूत्रपिंडांचा, कारण त्यांच्या धमन्या चिमट्याच्या अगदी शेजारी असतात. तिसरा फुप्फुसांचा; पोट चिरलेले, श्वास दुखतो, कफ बाहेर पडत नाही, आणि विडीने आधीच पोळलेल्या छातीत न्यूमोनिया होतो. रक्तस्राव आहे. मोठ्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटणे आहे. ते क्वचित घडते, पण घडल्यास भयंकर. पायात गुठळी उतरणे आहे. पुरुषांत कामशक्ती उणावणे आहे, हे डॉक्टरही संकोचाने सांगत नाहीत आणि रोगीही विचारीत नाही. पुढे वर्षा-दोन वर्षांत चिरेच्या जागी हर्निया होऊ शकतो. आणि ज्यांस काहीच झाले नाही त्यांसही पूर्ववत् उत्साह येण्यास दोन-तीन महिने लागतात.

मग यातून वाचतात किती? इंग्लंडमध्ये चार ते साडेपाच सेंटिमीटरच्या फुगवट्यांचे हजारावर रोगी चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत वाटले. एका गटाची लगेच शस्त्रक्रिया केली. दुसऱ्या गटाचे केवळ माप घेत राहिले व वाढ झाली तरच शस्त्रक्रिया केली. १९९८ साली निकाल आला. शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत शंभरांतील सुमारे सहा दगावले, आणि सहा वर्षांनी पाहता दोन्ही गटांत जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण सारखेच होते. अमेरिकेत २००२ साली असाच निकाल आला. तेथे शस्त्रक्रियेतील मृत्यू शंभरांत तीनांहून कमी होते, तरीही घाई करण्याने लाभ झाला नाही. कारण उघड आहे. चार-पाच सेंटिमीटरचा फुगवटा वर्षभरात फुटण्याचा संभव शंभरांत एक-दोन. पाचाच्या पुढे तो झपाट्याने चढतो, आणि सात सेंटिमीटर झाल्यावर वर्षात तिघांपैकी एकाचा फुटतो. म्हणून पुरुषांत साडेपाच सेंटिमीटर ही रेघ ठरली. स्त्रियांत फुगवटा लहान मापावरही फुटतो, म्हणून त्यांच्यासाठी पाच धरतात. फुगवटा त्याआधी भराभर वाढू लागला किंवा दुखू लागला तर थांबत नाहीत.

माप घेतल्यावाचून कात्री लावू नये, हे आपल्या पोरांनाही कळते. येथे दोन मापे घ्यावयाची असतात, एक फुगवट्याचे आणि दुसरे माणसाचे. फुगवटा सहा सेंटिमीटरचा आहे, पण हृदय दुबळे, दम्याने जिना चढवत नाही, मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत, तर हिशेब उलटतो.

दुसरी पद्धत १९९० साली ब्युनोस आयर्स येथे डॉ. हुआन परोदी यांनी पोटातील फुगवट्यासाठी वापरली. तिला आम्ही अस्तर लावणे म्हणतो. जांघेतील धमनीतून घडी केलेली, तारेच्या जाळीवर मढविलेली कापडाची नळी वर सरकवितात आणि फुगवट्याच्या आत उघडतात. अंगरखा तोच राहतो, आतून अस्तर लागते, रक्त अस्तरातून वाहते. पोट फाडावे लागत नाही. रोगी दोन-तीन दिवसांत घरी. इंग्लंडमधील मोठ्या तुलनेत, जिचे पहिले आकडे २००४ साली आले, तीस दिवसांतील मृत्यू पोट उघडून केल्यास शंभरांत ४.७ आणि अस्तर लावल्यास १.७ असे निघाले. हे ऐकून कोणीही अस्तरच मागेल. परंतु आपल्या धंद्यातील माणसास ठाऊक आहे की अस्तर सुटते. कडेने रक्त पाझरून पिशवीत शिरते, नळी खाली घसरते, पुन्हा दुरुस्ती करावी लागते. काही वर्षांतच दोन्ही गटांतील जिवंतांचे प्रमाण सारखे झाले, आणि २०१६ साली पंधरा वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा आठ वर्षांनंतरच्या काळात अस्तरवाल्यांतच मृत्यू अधिक दिसले. यास्तव इंग्लंडच्या आरोग्यखात्याला सल्ला देणाऱ्या संस्थेने २०२० साली, प्रकृती सोसणारी असेल तर पोट उघडून करावे, असे सांगितले. युरोपातील शल्यविशारदांचा कल मात्र अस्तराकडे अधिक आहे. पंडितांतही मतभेद आहेत. आणि जे पोट उघडण्यास मुळीच योग्य नाहीत अशा दुबळ्यांस अस्तर लावून पाहिले, तर फुगवट्याने होणारे मृत्यू घटले, पण एकंदर आयुष्य वाढले नाही. इतर दुखण्यांनी ते गेलेच.

अस्तर लावलेल्यास जन्मभर दरवर्षी तपासणीस जावे लागते. पुण्यात राहणाऱ्यास ते सुलभ आहे. धरणाच्या पलीकडे राहणाऱ्या, मुलगा भोसरीस नोकरीला, घरी दोघे म्हातारे, अशा माणसाने तिसऱ्या वर्षी तपासणीस जाण्याचे सोडले तर? आमच्या मते पद्धत निवडताना एस. टी.ची वेळही पाहावी. नळीच्या किमतीमुळे अस्तराचा खर्च काही लाखांवर जातो, हेही आहेच.

आमच्या एका चुलतबंधूंचे सांगतो. दुकान बंद करून घरी बसलेले, चाळीस वर्षे विडी. मूतखड्यासाठी सोनोग्राफी केली आणि ५.९ सेंटिमीटरचा फुगवटा निघाला. घरात दोन तट पडले. वहिनी म्हणत, दुखत नाही त्यास हात कशाला लावता. मुलगा म्हणे, उद्याच करू. बंधूंनी शल्यविशारदांस एवढेच विचारले, "साहेब, असली किती कामे आपण केलीत, आणि त्यांतील किती माणसे चालत घरी गेली?" तो गृहस्थ रागावला नाही. त्याने आकडे सांगितले, हृदयाची तपासणी करविली, विडी बंद करण्यास लावले, सहा आठवडे श्वासाचे व्यायाम दिले आणि मग पोट उघडून नळी बसविली. तिसऱ्या दिवशी छातीत कफ साठला, लघवी कमी झाली. चार दिवस आम्ही सर्वांनी धीर सोडला होता. चौदाव्या दिवशी ते घरी आले. पुढल्या वर्षी चिरेवर हर्निया झाला, तो पट्ट्यावर आहे. या गोष्टीस तीन वर्षे झाली. परवा नातीचे परकर-पोलके त्यांनी स्वतः बेतले.

त्यांच्याच ओळखीचे दुसरे एक गृहस्थ, वय ऐंशीच्या वर, हृदय दुबळे, फुगवटा पाच सेंटिमीटरच्या आत. डॉक्टरांनी सांगितले, हात लावू नये. लावला नाही. ते चार वर्षे जगले आणि हृदयविकाराने गेले. फुगवटा तसाच राहिला. दोन्ही निर्णय आम्हांस योग्यच वाटतात.

आता निधीची गोष्ट. आपल्या नियमात "आकस्मिक शस्त्रक्रियेसाठीच साहाय्य" असे शब्द आहेत. वर सांगितलेल्या चुलतबंधूंचा अर्ज, तातडी नाही म्हणून परत आला. मुलाने सोसायटीचे कर्ज काढले. त्याच वर्षी आपल्यातील एका कुटुंबास फुटलेल्या फुगवट्यासाठी साहाय्य मंजूर झाले. रक्कम हाती पडली ती तेराव्यास. कार्यकारी मंडळाने नियमाप्रमाणेच केले, त्यांस आम्ही दोष देत नाही. परंतु ज्या शस्त्रक्रियेत शंभरांतील पंचाण्णव माणसे वाचतात तिला पैसा नाही, आणि जेथे ऐंशी मरतात तेथे आहे, असा हा नियम झाला आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत खर्चाची मर्यादा आता पाच लाखांवर गेली आहे. आपली शस्त्रक्रिया तिच्यात बसते किंवा नाही हे रुग्णालयातील आरोग्यमित्रास आधी विचारावे. बसली तरी जाणे-येणे, सोबतच्याचे राहणे, नंतरचे तीन महिने बुडालेली मजुरी, हे उरतेच.

म्हणून आमचा ठराव असा. नियमातील "आकस्मिक" हा शब्द काढावा. अर्जासोबत फुगवट्याचे माप सेंटिमीटरमध्ये, हृदय व मूत्रपिंडे यांच्या तपासणीचा कागद, आणि कोणती पद्धत व का हे शल्यविशारदांच्या हातचे दोन ओळींत लिहिलेले असावे. रोग्यास धोका समजावून सांगितला असून त्याची स्वतःची संमती आहे, मुलाची किंवा पुतण्याची नव्हे, असेही त्यात असावे. डॉ. डिबेकी यांस सत्त्याण्णवाव्या वर्षी छातीतील महाधमनी चिरली, तेव्हा त्यांनी आधी शस्त्रक्रिया नको म्हटले होते. पुढे ते बेशुद्ध झाले, आणि पत्नी आग्रह धरते तर डॉक्टर कचरतात असा पेच पडला. ते वाचले, दोन वर्षांहून अधिक जगले व समाधानी होते. पण तो पेच आपल्या घरी पडू नये. ज्यांस अस्तर लावले आहे, किंवा ज्यांचा फुगवटा लहान असून केवळ माप घ्यावयाचे आहे, त्यांस वर्षातून एकदा तपासणीचा खर्च व एस. टी.चे भाडे निधीने द्यावे. ही रक्कम लहान आहे.

आणखी एक विनंती. हा रोग नात्यात उतरतो. ज्यांच्या वडिलांस, भावास वा बहिणीस फुगवटा निघाला आहे, त्यांनी पन्नाशीनंतर एकदा पोटाची सोनोग्राफी करावी. सुई नाही, दुखणे नाही, काही मिनिटांचे काम आहे. आमच्या चुलतबंधूंचे दोन सख्खे भाऊ आज सभेत बसले आहेत, त्यांस आम्ही उघडपणे सांगतो. ठरावाचा मसुदा चिटणीसांच्या मेजावर ठेवला आहे. अनुमोदन देणाऱ्यांनी भोजनापूर्वी सह्या कराव्यात.